राखेतली ओल

जुलैतली सकाळ. आभाळ असं की फडक्याने पुसून ठेवावं. उतारावर एक माणूस लांब दांड्याची कुदळ घेऊन पुढे चाललाय. एक घाव, एक खड्डा, एक पाऊल, पुन्हा घाव. मागून बाई येते. तिच्या कमरेच्या फडक्यात मिसळलेलं बी आहे. मक्याचे तीन-चार दाणे, दोन चवळीचे, एखादा वाल, एखादी तूर असं चिमटीतून खड्ड्यात सोडते आणि वाकायची तसदी न घेता पायानेच माती ओढून खड्डा बुजवते. जमीन कोरडी ठक्क. शेवटचा पाऊस पडून आठ-नऊ महिने लोटलेत. पुढचा कधी येईल, मुळात येईल का, हे सांगणारा कोणी नाही.

ही धूळपेरणी. विदर्भात कपाशीवाल्याला आणि कोकणात धूळवाफेवर भात टाकणाऱ्याला ती वेगळी सांगायला नको. पण हे शेत विदर्भातलं नाही की कोकणातलंही नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे सातशे किलोमीटर आत, अटलांटिक महासागरात फोगो नावाचं बेट आहे, तिथलं हे शेत. केप व्हर्दे देशाच्या दहा बेटांपैकी हे एक. तिथे या पेरणीला पोर्तुगीजमध्ये ‘सेमेंतेरा एम पॉ’ म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर ‘धुळीतली पेरणी’च. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच गोष्टीला एकच नाव ठेवलं, कारण नाव ठेवायला तिथे धुळीशिवाय दुसरं काही नव्हतं.

फोगोचा घेर असा काही मोठा नाही. जेमतेम पंचवीस किलोमीटर रुंद, गोल भाकरीसारखं बेट. क्षेत्रफळ ४७६ चौरस किलोमीटर, वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. ‘फोगो’ म्हणजे आग. अख्खं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी आहे, आणि तो अजून जागा आहे. त्याच्या पोटात, १,७०० मीटर उंचीवर, एक शेतकरी गाव आहे. कागदोपत्री नाव ‘चाँ दाश काल्देराश’, म्हणजे कढयांमधलं सपाट रान. गावकरी नुसतं ‘चाँ’ म्हणतात.

या गावाबद्दल लिहिणारे बहुतेक जण ज्वालामुखीपासून सुरुवात करतात. मी मुद्दाम पेरणीपासून केली. कारण चाँमधल्या माणसाला खरी धास्ती असते ती पावसाची. डोंगर त्याच्या लेखी नंतर येतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडे त्याच्याच बाजूने आहेत.

नकाशावर फोगोपासून पूर्वेकडे आडवी रेघ ओढत नेली, अख्खा आफ्रिका खंड ओलांडला, अरबी समुद्र ओलांडला, की ती रेघ गोव्याच्या काणकोणपाशी किनाऱ्याला लागते. जवळजवळ तेच अक्षांश, पंधरा अंश उत्तर. काणकोणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. केप व्हर्देची सरासरी अडीचशेच्याही खाली. आपल्याकडे माण-खटाव हे दुष्काळाचं माहेरघर, तिथे चारशे-पाचशे मिलिमीटर पडतो. म्हणजे माणदेशी माणूससुद्धा या बेटांवर सुखवस्तू ठरावा. बेटांना चारही बाजूंना आणि काणकोणला निदान एका बाजूला समुद्रच आहे. मग हा फरक कशाने?

समुद्र असला की पाऊस असतो, हा आपला किनारपट्टीचा समज आहे. पाऊस पडायला हवेत नुसती वाफ असून भागत नाही, ती हवा वर उचलली जावी लागते. आपल्याकडे हे काम सह्याद्री करतो, आणि त्याच्याही आधी तापलेली जमीन करते. केप व्हर्देच्या वाट्याला येतात ते ईशान्येचे व्यापारी वारे. बारमाही, एकाच दिशेचे, आणि त्यातले काही थेट सहाराच्या अंगणातून निघालेले. हिवाळ्यात ते इतकी धूळ आणतात की दिवसच्या दिवस सूर्य पितळी दिसतो आणि विमानं रद्द होतात. त्यात भर म्हणून उत्तरेकडून कॅनरी नावाचा थंड प्रवाह वाहत येतो. खालची हवा गार, वरची उबदार, म्हणजे भांड्यावर झाकण ठेवल्यासारखी स्थिती. वाफ झाकणाखालीच अडकते. ढग दिसतात, डोंगराला टेकतात, पण पाऊस देत नाहीत.

हे झाकण वर्षातून एकदाच उचललं जातं. विषुववृत्तालगतचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेला सरकतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कसाबसा या बेटांपर्यंत पोचतो. ही त्याची शेवटची हद्द. एखाद्या वर्षी तो दोनशे किलोमीटर अलीकडेच थांबला की बेटांवर त्या साली काही पिकत नाही. यातला आणखी एक चमत्कारिक भाग असा की आफ्रिकेवरून निघणारे ढगांचे पुंजके याच काळात या बेटांवरून पश्चिमेला जातात, उघड्या समुद्रावर फोफावतात आणि पंधरा दिवसांनी कॅरिबियन बेटांत नाही तर अमेरिकेत चक्रीवादळ होऊन घरं उडवतात. हवामानशास्त्रात त्या वादळांना ‘केप व्हर्दे वादळं’च म्हणतात. ज्याचं नाव लागलं त्याच्या शेतात मात्र दोन सरी पडल्या तरी पुष्कळ.

या दोन-तीन महिन्यांना तिथल्या क्रिओल बोलीत ‘अझाग्वा’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दांचा अर्थ ‘पाणी’, अनेकवचनी. मराठीत आपण ‘पावसाळा’ म्हणतो तसं. पण पावसाळ्यात ऋतूची हमी असते. ‘पाणी’ या नावात तशी काही हमी नाही.

आता त्या खड्ड्याकडे पुन्हा वळू. एकाच खड्ड्यात चार जातींचं बी का? गावंढळपणा म्हणून वसाहतीतल्या अधिकाऱ्यांनी त्याला नाकं मुरडली असतील, पण हा तर विमा आहे. मका तीन महिन्यांचा, फार पाणी मागणारा. पाऊस नीट झाला तर कणसं भरतात. सप्टेंबरात ताण पडला तर मका करपतो आणि त्याचा कडबा बकऱ्यांना जातो. चवळी थोड्या ओलीवर शेंगा धरते. वाल चिवट, तिथे त्याला ‘दगडी घेवडा’ अशा अर्थाचं नाव आहे. आणि तूर. तूर मूळची आपल्याकडची, भारताची. आफ्रिकेतून ती या बेटांवर पोचली आणि तिथे तिचं नाव झालं ‘काँगोचा घेवडा’. तिची मुळं खोल जातात, बाकीचं सगळं वाळल्यावरही ती हिरवी उभी असते. आपण तिला वर्षाचं पीक करून टाकलं; तिथे ती दोन-दोन, तीन-तीन वर्षं शेतात ठेवतात, जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा तोडतात. मका गेला तरी तूर राहते, हा हिशेब मराठवाड्यातल्या ज्वारी-तुरीच्या पट्ट्यालाही माहीत आहे.

नांगर या शेतीत नाही. उतार इतका तीव्र आणि दगड इतके, की बैल चालणार कुठून? सगळं काम कुदळीवर. पेरणी आणि खुरपणी अशा दोन वेळा माणसं कमी पडतात, तेव्हा शेजारी एकमेकांच्या शेतात राबतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. याला म्हणतात ‘जुंता मों’, हाताला हात जोडणं. आपल्याकडे कोल्हापुराकडचा माणूस लगेच म्हणेल, ही तर सावड. मालकाने जेवण घालायचं, हाही नियम तोच.

आणि जेवण म्हणजे मका. अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेलं हे धान्य बेटांनी असं आपलंसं केलं की ‘काशुपा’ ही भिजवलेल्या, कांडलेल्या मक्याची आणि घेवड्यांची तासन्‌तास रटरटणारी आमटीवजा खिचडी हेच राष्ट्रीय जेवण झालं. ज्याच्या घरी मांस-मासळी असेल त्याची काशुपा श्रीमंत, नसेल त्याची गरीब. लोक सरळ तसंच म्हणतात, ‘श्रीमंत काशुपा’ आणि ‘गरीब काशुपा’. मका सडायला लाकडी उखळ, त्याला ‘पिलाँव’ म्हणतात. दोन-तीन बायका समोरासमोर उभ्या राहून पाळीपाळीने मुसळ घालतात. एकीचं वर, दुसरीचं खाली. मुसळ वर असताना टाळी वाजवून ताल धरतात. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला बेटाच्या मुख्य गावात, साँ फिलिपमध्ये, ग्रामसंताचा उत्सव असतो. झेंडा, घोड्यांच्या शर्यती, आणि त्याआधी ढोलाच्या तालावर या उखळात मका कांडण्याचा सोहळा. संताला ते ‘न्यो साँ फिलिप’ म्हणतात. ‘न्यो’ हे गावातल्या वडीलधाऱ्याला लावायचं संबोधन, आपल्या ‘अण्णा’-‘आप्पा’च्या जातकुळीतलं.

आता राखेविषयी, कारण चाँचं सगळं रहस्य तिथे आहे.

फोगोचा मूळ डोंगर आजच्यापेक्षा उंच होता. सुमारे ७३,००० वर्षांपूर्वी त्याची पूर्वेची अख्खी बाजू ढासळून समुद्रात गेली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी दाखवलं की त्या कोसळण्याने उठलेल्या लाटेने पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या सांतियागो बेटाच्या पठारावर, समुद्रापासून दोनशे मीटरहून उंच, घराएवढे दगड नेऊन टाकले. त्यातल्या मोठ्यांचं वजन सातशे टनांच्या घरात. मागे उरली ती नालेसारखी अर्धगोल भिंत, बोर्देरा. काही ठिकाणी एक हजार मीटर सरळसोट. तिच्या पायथ्याशी आठ-नऊ किलोमीटर रुंद मैदान आणि त्या मैदानातून पुन्हा वर आलेला नवा सुळका, पिको दु फोगो, २,८२९ मीटर. कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. भिंत आणि सुळका यांच्या मधल्या फटीत पोर्तेला आणि बांगाएरा या दोन वाड्या. शंभरेक वर्षांची वस्ती.

मैदानभर जी राख दिसते ती चुलीतल्या राखेसारखी पीठ नाही. ती खडीसारखी आहे: काळे, हलके, भोकाभोकांचे खडे, काही बाजरीएवढे, काही हरभऱ्याएवढे. पाऊस पडला की थेंब अशा थरावरून वाहून जाऊच शकत नाही, सरळ आत झिरपतो. डोंगरउतारावर एरवी पाण्याबरोबर माती जाते, इथे ओघळ पडत नाही. हे झालं पाणी आत घेण्याचं. ते टिकवण्याची करामत याहून बारीक आहे. जमिनीतली ओल वर कशी येते? दिव्याच्या वातीतून तेल चढतं तशी. मातीच्या कणांमधल्या केसासारख्या नळ्यांतून पाणी वर खेचलं जातं आणि पृष्ठभागावर उडून जातं. वरच्या खड्यांच्या थरात या नळ्याच नाहीत. फटी इतक्या मोठ्या की वात तिथे तुटते. खालची ओल खालीच राहते. वरून ऊन कितीही तापलं तरी राखेत कोपरभर हात घातला की बोटांना गारवा लागतो. कोळपणी केल्यावर वरची माती भुसभुशीत होते आणि ओल धरून राहते, असं आपल्याकडे म्हातारी माणसं सांगत आली, ते हेच तत्त्व. फरक इतकाच की चाँमध्ये ही कोळपणी ज्वालामुखी करून ठेवतो, कायमची. स्पेनच्या लांझारोते बेटावर १७३० ते १७३६ या काळात झालेल्या उद्रेकानंतर तिथल्या शेतकऱ्यांनाही हीच गोष्ट उमगली, आणि तिथेही राखेच्या खळग्यांत द्राक्षं आली.

चाँमध्ये द्राक्षंच येतात. नाशिकच्या बागाइतदाराला हा मळा दाखवला तर तो हसेल. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही. राखेत खळगा करून लावलेली वेल जमिनीवरच पसरते, भोपळ्याच्या वेलासारखी. वाऱ्यापासून आडोसा, आणि रात्री डोंगराला टेकणाऱ्या धुक्याचं दव. एवढ्यावर द्राक्ष तयार होतं, जुलै-ऑगस्टात उतरतं, म्हणजे नेमकं पेरणीच्या धांदलीत. बरोबरीने सफरचंद, अंजीर, डाळिंब. पंधराव्या अक्षांशावरचं सफरचंद ही उंचीची किमया. इथे हिवाळ्यात रात्री अंगावर जाड पांघरूण लागतं.

वेली आल्या कशा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माँत्राँ आडनावाचा एक फ्रेंच सरदारपुत्र या बेटावर आला आणि राहिला. त्यानेच रोपं आणली असं सांगतात. रोपांचा पुरावा कच्चा आहे, माणसाचा पक्का: चाँमध्ये आजही माँत्राँ आडनावाची घरंच्या घरं आहेत आणि काळ्यासावळ्या चेहऱ्यांत मधूनच पिंगट केस नि घारे-निळे डोळे दिसतात. घरोघरी गाळली जाणारी वारुणी ‘मानेकों’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटलीहून आलेल्या मदतीतून शेतकऱ्यांची सहकारी वायनरी उभी राहिली आणि ‘चाँ’ नावाची बाटली दुकानांत दिसू लागली.

राख ओल धरते, पण प्यायला पाणी देत नाही. या मैदानात झरा नाही, विहीर नाही, ओढा नाही. जे पडतं ते सच्छिद्र खडकातून थेट खोल निघून जातं. म्हणून घराचं छप्पर हेच पाणलोट क्षेत्र. सपाट धाबं, त्याला उतार, उताराच्या टोकाला पन्हळ, पन्हळीखाली सिमेंटची बंदिस्त टाकी. दोन महिन्यांत जे साठेल ते दहा महिने पुरवायचं. टाकी आटली की खालून टँकर, नाही तर गाढवावर डबे. पूर्वीची घरं गोल असायची, लाव्हाच्या दगडांची, वर शाकारलेलं टोकदार छप्पर. त्यांना ‘फुंकू’ म्हणतात. देखणी, उबदार, पण शाकारलेल्या छपरावरून पाणी कसं साठवणार? काँक्रीटच्या धाब्याने फुंकू मागे पडला त्यात हौसेचा भाग थोडा आणि पाण्याचा जास्त असावा, असं मला वाटतं.

आता तो आकड्यांचा मुद्दा.

या बेटांवर पोर्तुगीज येण्याआधी माणूस नव्हता. १४६०च्या आसपास ती सापडली, १४६२मध्ये सांतियागोवर वसाहत झाली. भारताच्या वाटेवरचा हा पहिला मोठा मुक्काम. वास्को द गामाचं आरमार १४९७च्या जुलैत इथे थांबून पाणी-लाकूड भरून पुढे गेलं. फोगोवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून कापूस पिकवला जाई. एकोणिसाव्या शतकात मोगली एरंड आला, ज्याला जट्रोफा म्हणून वीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे बायोडिझेलच्या नावाने भलताच भाव चढला होता. त्याच्या बिया साबणासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी लिस्बनला जात. पेरायची ती निर्यातीसाठी, खायचं ते उरलेल्या उतारावर. शेळ्यांनी आणि सरपणाने डोंगर उघडे पडले. आणि मग दर पिढीत एकदा पाऊस फिरकलाच नाही.

१७७३–७५. १८३१–३३. १८६३–६६. १९०१–०४. ही सगळी सालं तिथल्या इतिहासात ‘भूक’ या एकाच शब्दाने नोंदलेली आहेत. शेवटची दोन, १९४१–४३ आणि १९४७–४८, मिळून बेटांवरची सुमारे ४५,००० माणसं गेली. पहिल्या खेपेला फोगोने जवळजवळ एक तृतीयांश माणसं गमावली. दुसरं महायुद्ध चालू, अमेरिकेची जहाजं बंद, नातेवाइकांचे पैसे बंद, आणि लिस्बनच्या सरकारला फिकीर नव्हती. अमिल्कार काब्राल तेव्हा शाळकरी पोर होता. पुढे तो लिस्बनला जाऊन शेतीतज्ज्ञ झाला, विद्यार्थी असतानाच केप व्हर्देच्या धुपणाऱ्या मातीवर लिहू लागला. भूक आभाळातून पडत नाही, जमिनीच्या आणि राज्याच्या कारभारातून येते, हे त्याला मातीच्या अभ्यासातून दिसलं. स्वातंत्र्यलढ्याचा नेता तो नंतर झाला. २० जानेवारी १९७३ रोजी त्याचा खून झाला. देश ५ जुलै १९७५ला स्वतंत्र झाला. गोव्यातून पोर्तुगीज जाऊन तेव्हा साडेतेरा वर्षं उलटली होती.

त्या डोंगराचा हिशेब आता शेजारी मांडा. १६८०चा उद्रेक भयंकर होता, कित्येक कुटुंबं शेजारच्या ब्राव्हा बेटावर पळाली. १७८५, १८४७, १८५२, १८५७. मग १९५१, १९९५ आणि २०१४. विसाव्या शतकातले उद्रेक आणि त्यानंतरचा एक धरूनही त्यांचे बळी मोजायला हाताची बोटं पुरतात. दुष्काळाचे हजारोंनी. मग गावकरी कशाला जास्त घाबरणार?

देश स्वतंत्र झाला तेव्हा साहेलचा मोठा दुष्काळ चालूच होता. तो १९६८पासून लागला होता. आपला १९७२चा त्याच काळातला. नव्या सरकारपुढे तीच अडचण होती जी आपल्याकडे वसंतराव नाईकांपुढे होती: धान्य मदतीत येईल, पण फुकट वाटायचं की काम देऊन? दोन्हीकडे उत्तर सारखं निघालं. महाराष्ट्रात पाझर तलाव, खडी फोडणं, सुकडी, आणि पुढे रोजगार हमीचा कायदा. केप व्हर्देत मदतीचं धान्य बाजारात विकून त्या पैशातून मजुरी दिली गेली. लोकांनी रस्ते केले, ओढ्यांत हजारो दगडी बांध घातले, लाखो झाडं लावली. सखल, रखरखीत बेटांवर लावलेली बरीचशी झाडं म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. ती तिथेही तितकीच वेडी आहे, पण सरपण देते, म्हणून तिला कोणी शिव्या घालत नाही. त्यानंतरही दुष्काळ आले. २०१७ साली तर पेरलेलं बहुतेक गेलं, आणि त्याच वर्षी मक्यावर लष्करी अळी उतरली, जी पुढच्याच वर्षी कर्नाटकमार्गे सोलापुरात पोचली. पण भुकेने माणसं मरणं १९४८नंतर थांबलं. याचं श्रेय बांधांना जितकं, तितकंच टपालालाही आहे.

टपाल म्हणजे अमेरिकेचं. एकोणिसाव्या शतकात न्यू बेडफर्डची देवमाशाच्या शिकारीची जहाजं ब्राव्हा-फोगोला थांबायची. स्वस्तातले, काटक खलाशी मिळायचे. पोरं गेली ती तिकडचीच झाली. मग पुतण्यांना बोलावलं, मग बायकांना. ज्यांना अमेरिका मिळाली नाही त्यांना कंत्राटावर साव तोमेच्या कोकोच्या मळ्यांत पाठवलं जाई, आणि तिथून परत येणं अवघड होतं. ये-जा शिडाच्या जहाजांवर. त्यातलं एक, १८९४मध्ये मासेमारीसाठी बांधलेलं ‘एर्नेस्तिना’, १९६५पर्यंत या वाटेवर प्रवासी वाहत होतं. १९८२मध्ये केप व्हर्देने ते अमेरिकेला भेट दिलं. गरीब देशाने श्रीमंत देशाला दिलेली ही भेट मला मोठी गमतीची वाटते. आज देशात आहेत त्याहून जास्त केप व्हर्देवासी बाहेर आहेत. फोगोचे बहुतेक मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनकडे. तिकडून पिंपं येतात, निळी प्लॅस्टिकची, तांदूळ-तेल-बूट-शाळेच्या वह्या कोंबून भरलेली. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर आल्याशिवाय कोकणात चूल नीट पेटत नव्हती, ते दिवस ज्यांनी ऐकलेत त्यांना या पिंपाचं मोल कळेल. पिंप रिकामं झालं की त्यात पाणी साठवतात.

आणि आता २०१४. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला, रविवारी, सकाळी पिकोच्या कुशीत जमीन फाटली. आदल्या रात्री धक्के बसले होते. लोक सावध होते. लाव्हा धावत आला नाही. तो चालत आला, काही दिवस तर माणसाच्या चालीहून कितीतरी हळू, कडकड आवाज करत, पुढच्या कडेवरून पेटते धोंडे गडगडवत. त्यामुळे जे घडलं ते पळापळीसारखं नव्हतं, घर सोडवण्यासारखं होतं. लोकांनी आधी गुरं नि म्हातारी माणसं खाली पाठवली. मग भांडी, गाद्या, मक्याची पोती. मग दारं आणि खिडक्या चौकटीसकट उपसल्या. मग छपराचे पत्रे, वासे. लाव्हा अंगणात येईपर्यंत घराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोर्तेला गेलं, पाठोपाठ बांगाएरा. शाळा, वायनरी, नुकतीच बांधलेली राष्ट्रीय उद्यानाची इमारत, टाक्या. उद्रेक ८ फेब्रुवारी २०१५ला थांबला. सत्त्याहत्तर दिवस. हजाराहून जास्त माणसं बेघर झाली. लाव्हाखाली एकही मेलं नाही.

त्यांना खाली दक्षिण उतारावर मोंते ग्रांदे आणि आशादा फुर्नात ठेवलं. ही घरं नवी नव्हती. १९९५च्या उद्रेकानंतर याच लोकांसाठी बांधली होती आणि बरेचसे लोक ती सोडून वर परत गेले होते. सरकार म्हणालं, आता वर राहू नका. शहाणपणाचाच सल्ला. पण खालच्या उतारावर ती राख नाही, ते धुकं नाही. तिथे द्राक्ष येत नाही, मका चार वर्षांतून एकदा येतो. घर खाली आणि शेत वर, मधे तासन्‌तासांची चढण. महिन्या-दोन महिन्यांत एकेक जण वर जाऊन तंबू ठोकू लागला. वाचलेल्या वेलींची छाटणी वेळेत व्हायला हवी होती.

परतलेल्यांकडे जुनी जागा नव्हती. तिच्यावर कुठे पाच, कुठे दहा मीटर काळा दगड. मोकळी, सपाट राख शिल्लक होती, पण तिच्यावर घर बांधलं तर पेरायचं कुठे? म्हणून घरं बांधली ती गार होत आलेल्या लाव्हावरच. त्याचेच दगड फोडून, त्याच्याच चुरीत सिमेंट कालवून. पर्यटकांसाठी दोन-चार खोल्यांची निवासंही तशीच. वरचा दगड गार दिसतो, आतला होत नाही. कित्येक महिने त्या घरांच्या फरश्या पायाला गरम लागत होत्या, आणि डोंगरावरच्या थंडीतही लोक खिडक्या उघड्या टाकून झोपत होते.